रात्रीची गोळी

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. म्हणजे भांडले मी, तो नुसता हसत होता.

"दहाच गोळ्या द्या," म्हणाला. औषधांच्या दुकानात काउंटरला मी असते, असली गिऱ्हाइकं मला नवी नाहीत.

"आकडीच्या गोळ्या आहेत या, दिवसाला दोन. पाच दिवसांनी परत याल?"

"तुम्ही असाल तर येईन की!"

कोपरापर्यंत निळा रंग फासलेला, आणि तोंड बघा! मी पट्टी कापून त्याच्यासमोर आपटली.

पेंटर होता, दुकानांचे बोर्ड रंगवायचा. पूर्वी मोठमोठ्या भिंतीही करायचा, पण दोन वर्षांपूर्वी शिडीवरच आकडी आली, हात मोडला आणि वरची कामं बंद झाली. खाली बसून रंगवायच्या बोर्डांना निम्मेच पैसे. त्यात डॉक्टरची फी, रक्ताच्या तपासण्या, आणि आकडी आली की दोन दिवस काम बुडणार ते वेगळंच. हे सगळं त्याने अगदी सहज सांगितलं — शनिवारी कॉफी पिताना. हो, तोवर आमची शनिवारची कॉफी सुरू झाली होती. पैसे तोच द्यायचा. मी पर्स उघडली की म्हणायचा, "राहू दे, एवढी तरी ऐट करू दे मला."

आणि मग काय, दर पाच दिवसांनी दुकानात येणारा माणूस सात-सात दिवस फिरकेना. माझं डोकंच फिरलं. नक्की चौकातल्या दुकानातून घेत असणार, तिथे ती नवी मुलगी आलीये ना!

शनिवारी विचारलंच. "आवडते का ती?"

"कोण?"

"चौकातली. गोळ्या तिच्याकडून घेतोस ना हल्ली?"

तो हसायला लागला... आणि मध्येच थांबला. नजर कुठेतरी अडकली, कप हातातून सुटला. तो खुर्चीवरून घसरला तसं मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा स्वेटर सारला, लोकांना मागे हटवलं. डोळे घड्याळावर होते. दोन मिनिटांनी अंग सैल पडलं.

तो पुरता भानावर आल्यावर मी विचारलं, "गोळ्या चुकवतोस?"

"रात्रीचीच... अधूनमधून."

"का?"

तो टेबलावरच्या बिलाकडे बघत राहिला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दोन कप कॉफी म्हणजे बरोबर चार गोळ्यांचे पैसे.

"मूर्खा! तुझं औषध पाजत होतास मला?" मी भर कॅफेत रडायलाच लागले.

"दुसरं काय देणार तुला? माझ्याशी संसार म्हणजे जन्माचा खर्च. शिडी नाही, गाडी चालवायची नाही, गोळ्या मरेपर्यंत. म्हणून तर विचारलं नाही..."

"मग विचार."

"आत्ता?"

"आत्ता. आणि नीट विचार."

त्याची जीभ अजून जड होती. "माझ्या... घरी येशील? कायमची?"

"येईन. जीव जडलाय तुझ्यावर, गाढवा. पण रोज रात्रीची गोळी माझ्यासमोर घ्यायची."

"आणि तुझ्या आईला काय सांगशील?"

"सगळं. आकडीसकट."

त्याने माझ्या हातावर कपाळ टेकवलं.