टिचकूसाठी गप्प केलेली गाडी

गाडीला इंजिन नव्हतं. धूर नाही, गिअरची खरखर नाही, सगळा कारभार बॅटरीवर. मग मेहकरच्या रस्त्याला लागल्याबरोबर ही गाडी एवढी बोंबलत कशाने होती?

खरं तर हा प्रश्न रुंजीला कधी पडलाच नसता. बाबांच्या टॅक्सीत ती लहानपणापासून बसत आली होती आणि तो घूंऽऽ आवाज तिच्या अगदी अंगवळणी पडला होता. पण आज तिच्या शेजारी टिचकू बसला होता, आणि टिचकूचा जांभळा रंग बघता बघता राखाडी झाला. त्याने आपले चारही तळवे छातीशी आवळून घेतले. गळ्यातल्या डबीतून एकच शब्द बाहेर पडला, "थांबवा!"

आता हा टिचकू कोण, ते आधी सांगायला हवं. लोणारचं सरोवर म्हणजे फार फार पूर्वी आकाशातून येऊन आदळलेल्या दगडाने पाडलेला खड्डा. तो अभ्यासायला एका दूरच्या ग्रहावरून आलेले हे शास्त्रज्ञ पाहुणे. त्यांच्या ग्रहावर हवा इतकी विरळ की हवेतून आवाज जवळजवळ जातच नाही. तो जातो जमिनीतून आणि दगडातून. म्हणून त्या लोकांना कान नसतात, भोपळ्याच्या पानाएवढे चार मऊ तळवे असतात. भिंतीला तळवा लावला की पलीकडे कोण चाललंय ते त्यांना कळतं. टिचकूचं खरं नाव म्हणजे दोन टिचक्या, एक थाप आणि पुन्हा एक टिचकी. ते तोंडाने कसं घेणार? म्हणून रुंजीच्या आईने पहिल्याच दिवशी टिचकू करून टाकलं. त्याच्या बोटांच्या टिचक्यांचं मराठी करायचं आणि आपल्या मराठीच्या टिचक्या करायच्या, हे काम गळ्यातल्या डबीचं.

वर्षभर तो रुंजीच्या, म्हणजे वायाळांच्या घरी राहिला. रुंजीचं शाळेतलं नाव रेणुका, पण ही पोरगी सदा काहीतरी गुणगुणत घरभर फिरायची, म्हणून घरात रुंजी. टिचकू खांबाला तळवा लावून आईला सांगायचा, "रुंजी माळ्यावर आहे. गुणगुणतेय." रुंजीला गोवर आला तेव्हा तिच्या पाठीवर तळवा ठेवून तो तासन्‌तास हळू हळू थोपटत बसला होता. त्या थोपटण्याने तिला झोप लागायची. ते ती विसरली नव्हती.

आणि आता टिचकूला घरी जायचं होतं, तेही वेळेत. त्यांच्याकडे लेकरू अंड्यातून बाहेर येतं. ते येण्याआधी बापाने कवचावर त्याचं नाव वाजवायचं, अशी रीत. आतल्या लेकराला बापाकडून मिळणारी ती पहिली थरथर. बाप वेळेवर पोचला नाही तर लेकरू बिननावाचं बाहेर येतं आणि जन्मभर बिननावाचंच राहतं. यान सुटणार होतं शुक्रवारी, नागपूरच्या पलीकडच्या यानतळावरून. पुढचं यान कधी, तर रुंजी कॉलेजात जाईल तेव्हा. रेल्वे आणि हेलिकॉप्टर तर मोटारीपेक्षा जास्त थरथरतात. उरली बाबांची टॅक्सी, आणि तिच्यात टिचकूला मेहकरपर्यंतसुद्धा बसवेना.

"सावकाश नेतो ना मी!" बाबा म्हणाले.

टिचकू रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसला होता. रंग हळूहळू परत येत होता. "सावकाश नेल्याने थरथर जात नाही, प्रल्हादभाऊ, लांबते. मला तिथे काहीच कळत नाही. तुम्ही माझ्याशी बोललात, कळलं नाही. रुंजी शेजारी होती, ती आहे की नाही तेही कळलं नाही."

रुंजी त्याच्याजवळ जाऊन बसली. आपण त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, आणि आपण त्याला सापडलोच नाही!

"पण बाप्पा, माझ्या वडलांची डिझेल गाडी होती," बाबा म्हणाले. "तिच्यात रस्त्याचा असा आवाज कधी जाणवला नाही. आता इंजिन नाही तर उलट शांत पाहिजे ना?"

"इंजिन होतं म्हणूनच जाणवला नाही," टिचकू म्हणाला. "लग्नातल्या बँडशेजारी उभं राहून कुणी कुजबुजलं तर ऐकू येतं का? याला म्हणतात झाकोळणं (मोठ्या आवाजाआड लहान आवाज लपणं). बँड गेला की कुजबुज उघडी पडते. इंजिन गेलं आणि चाकांचा आवाज उघडा पडला."

ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत दारात बायकांची गर्दी. पाहुण्याला गाडीत त्रास होतो म्हटल्यावर ज्याने त्याने जे मऊ सापडलं ते आणलं: गोधड्या, उश्या, कुणाच्या तरी आजोबांची घोंगडी. सगळ्यांनी मिळून ती टॅक्सी अशी काही भरली की बाबांना मागची काच सोडा, आरसासुद्धा दिसेना. एवढ्या गोधड्या पाहून टिचकूचे तळवे गुलाबी झाले. त्यांच्याकडे हसू असं दिसतं.

पण दुसऱ्या दिवशीही गाडी वेशीपर्यंत गेली आणि परत आली. वरवरची सळसळ कमी झाली होती. तो खालचा जाड घुमारा मात्र होता तसाच होता.

"जाऊ दे," टिचकू घरात येऊन म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी फार केलंत." आणि ओट्याला तळवा लावून बसला. आई पोळ्यांची कणीक मळत होती.

तेवढ्यात फडताळातली एक स्टीलची थाळी सटकली आणि फरशीवर पडली. टण्णऽऽऽ! टिचकूने चटका बसल्यासारखा तळवा उचलला. "अगं बाई, सॉरी सॉरी!" म्हणत आईने कणकीच्याच हातांनी थाळी उचलून ओट्यावर टाकली, ती पुन्हा घसरली आणि पुन्हा खाली. पण या वेळी आवाज आला नुसता थप्.

टिचकूचा तळवा पुन्हा ओट्यावर होता, पण तो हललाही नाही.

रुंजीने थाळी उलटी करून पाहिली. मागे, बरोबर मधोमध, आईच्या हातचा कणकीचा गोळा चिकटला होता. तिने तो काढून चमचा मारला. टण्णऽऽ. परत चिकटवून मारला. थप्. गोळा काठाला चिकटवला. आवाज थोडा बसला, पण मधल्यासारखा नाही. मग तिने थाळीभोवती नुसता टॉवेल गुंडाळला, आणि टिचकूचा तळवा थाळीला लावून चमचा मारला.

"कानाला कमी वाटतंय," ती म्हणाली. "तुला?"

"थाळी आत थरथरतेच आहे," टिचकू म्हणाला. आणि मग त्याचे चारही तळवे एकदम उघडले. "रुंजी! गोधड्यांनी आपण टॉवेल गुंडाळला. कणीक लावलीच नाही!"

"म्हणजे काय? नीट सांग."

"चाक रस्त्यावर आदळतं. ती थरथर लोखंडातून चढत चढत पत्र्यात येते. पत्रा नगाऱ्याच्या कातड्यासारखा हलतो आणि हवा ढकलतो. ती थरथर हवेतून तुमच्या कानाशी जाते, तो आवाज. गोधडी काय करते? हवेतला आवाज थोडा गिळते. त्यातही बारीक, सळसळणारा आवाज. जाड आवाज तिला जुमानत नाही. आणि पत्र्याला तर ती अडवतच नाही."

"आणि कणीक?"

"पत्रा थरथरतो म्हणजे सारखा वाकतो आणि सरळ होतो. चिकटलेली कणीक त्याच्याबरोबर ताणली जाते, दाबली जाते, आतल्या आत घासली जाते. त्यात थरथरीची शक्ती खर्च होते आणि तिची उष्णता होते. याला म्हणतात अवमंदन (थरथरीतली शक्ती खाऊन ती विझवत नेणं)."

"मग कणीक गरम होते?" आईने डोळे मोठे केले.

"होते, पण इतकी थोडी की बोटाला कळणार नाही. तिच्यावर पोळी भाजायचा विचार करू नका."

बाबा तर लगेच परात घेऊन गाडीकडे निघाले होते! आईने त्यांना दारात अडवलं. "अहो, कणीक वाळून गळून पडेल, आणि त्याआधी उंदीर तुमची गाडी खातील." मग बाबांनी मेहकरच्या गॅरेजवाल्या मित्राला फोन लावला. त्याच्याकडे त्याच कामाच्या पट्ट्या निघाल्या. एका बाजूने चिकट, जाड, काळं रबर आणि वरून ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. वरचा पापुद्रा रबराला पत्र्याबरोबर मोकळं हलू देत नाही, त्यामुळे मधलं रबर आणखी घासलं जातं, टिचकूने समजावलं.

मग काय विचारता! सीटा बाहेर, गालिचा बाहेर, दरवाज्यांची आतली आवरणं बाहेर. टरबूज घेताना बोटाने वाजवून बघतात ना, तशी रुंजी पत्रा वाजवत निघाली, आणि टिचकू तळवा लावून सांगत गेला. "इथे ओरडतोय. इथे नाही. चाकावरच्या कमानीला तर फारच." पत्रा पुसायचा, तेलाचा डागसुद्धा ठेवायचा नाही, नाहीतर पट्टी धरत नाही. पट्टी लावायची आणि आतली हवा निघेपर्यंत दाबायची. दाबायला काय? आईचं लाटणं!

"पूर्ण पत्रा झाकू या ना," रुंजी म्हणाली.

"थाळीला केवढी कणीक लागली होती?" टिचकूने विचारलं. खरंच की. मोठ्या मोकळ्या पत्र्याच्या मधोमध, जिथे तो जास्त हलतो, तिथेच लावलं तरी बरंचसं काम होत होतं. उगाच गाडीचं वजन कशाला वाढवा? दरवाज्यांच्या फटींना नवं रबर बसवलं, कारण बारीक फटीतूनही आवाज पाण्यासारखा आत शिरतो. आणि सगळ्यात शेवटी, गालिच्याखाली आणि दरवाज्याच्या आवरणामागे, काय गेलं असेल? आजोबांची ती घोंगडी! पत्रा आता थरथरत नव्हता. उरलेला हवेतला आवाज गिळायला जाड लोकर अगदी योग्य होती. घोंगडी देणाऱ्या काकू दिवसभर गल्लीत मिरवत होत्या, आणि का मिरवू नये?

"मागच्याचा हॉर्न ऐकू येईल ना पण?" बाबांनी काळजीने विचारलं. चक्कर मारून पाहिली. येत होता.

शुक्रवारी सकाळी गाडी निघाली. मेहकर गेलं, आणि सिमेंटचा मोठा रस्ता लागला. याच रस्त्याची सगळ्यांना धास्ती होती. त्या खरबरीत सिमेंटवर चाकं सगळ्यात जास्त गाजतात. आई पुढच्या सीटवर हात जोडून बसली होती. बाबांनी वेग वाढवला. रुंजी टिचकूच्या रंगाकडे टक लावून बसली. तो जांभळाच होता.

मग त्याने एक तळवा सीटच्या पाठीला लावला आणि डबी हळूच म्हणाली, "रुंजी, तू गुणगुणतेयस. आणि दुसऱ्या ओळीशी अडखळलीस."

आपण गुणगुणतोय हे रुंजीला ठाऊकच नव्हतं! तिला एकदम रडूच आलं, आणि हसूही. "तुला सापडले मी!" ती ओरडली. "बाबा, त्याला सापडले मी!" बाबांनी चष्मा पुसला. गाडी थांबवून, हं.

यानतळावर आईने टिचकूला ती स्टीलची थाळी दिली. टिचकूने गळ्यातली डबी काढून रुंजीच्या हातात ठेवली आणि तिच्यावर टिचक्या मारल्या. "आमच्यात आभार मानायला शब्द नाही," तो म्हणाला, "आम्ही ते नंतर कळवतो. या डबीवर, तिकडूनच." शेवटी त्याने तिच्या पाठीवर, गोवरात थोपटायचा तसं, थोपटलं. मग तो गेला.

बाबांच्या टॅक्सीचं पुढे मोठं नाव झालं. बाळंतिणी आणि आजारी माणसं तिच्यातूनच न्यायला सांगायची. उतरताना एका म्हातारबाबांनी रुंजीच्या डोक्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत गाडीत बसून नातवाचं बोलणं त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं होतं. रुंजीला वाटलं, हे आभार खरे टिचकूचे आणि आईच्या थाळीचे.

दिवाळी झाली. थंडी पडली. एका दुपारी रुंजी गणितं सोडवत असताना ओट्यावरची डबी आपोआप वाजायला लागली. शब्द नव्हते, नुसत्या टिचक्या. आई पोळी लाटायची थांबली.

"काय म्हणतोय गं?"

रुंजीने डबी गालाला लावली. टिचक्या, थाप, टिचक्या, मग मध्ये एक अडखळ, आणि पुन्हा टिचक्या. ती चाल तिच्या ओळखीची होती. सिमेंटच्या रस्त्यावर ती गुणगुणत होती तीच, दुसऱ्या ओळीशी अडखळलेली, जशीच्या तशी.

"आई," ती म्हणाली, "बाळाचं नाव सांगतोय."

आई लाटणं ठेवून जवळ आली. रुंजीने डबीवर बोट ठेवलं आणि ते नाव सावकाश वाजवून परत पाठवलं, अडखळीसकट. ते बाळ मोठं झालं की सरोवर बघायला येईलच कधीतरी. तेव्हा त्याला यानतळावरून घरी आणायला गाडी तयार होती.