तुळशींची जप्ती

"सूड! बस, दुसरं काही नाही. सूड!" असं म्हणत प्रीतीने चकलीचा असा काही तुकडा मोडला, की शेजारी बसलेली निधी दचकून मागेच सरकली.

"ताई, त्या चकलीने काय घोडं मारलंय तुझं?" ज्ञानदीपने विचारलं. हा प्रीतीचा धाकटा भाऊ. कितीही मोठं संकट येवो, याची जीभ काही गप्प बसायची नाही.

"तू गप रे! आत्या कालपासून जेवलेली नाही, आणि तुला विनोद सुचतायत!"

ज्ञानदीपचा चेहरा पडला. आत्याचं नाव निघालं, की त्याचीही बोलती बंद व्हायची.

दिवाळीची सुट्टी होती. सुदामा नगरातल्या निधीच्या गच्चीवर चौघं जमली होती. प्रीती, ज्ञानदीप, निधी आणि देवांश. देवांश प्रीती-निधीच्याच वर्गातला, चढण्या-उड्या मारण्यात पटाईत. समोर फराळाचं ताट होतं, पण त्यात कुणाचं लक्ष नव्हतं.

झालं होतं असं. त्या वर्षी वस्तीत 'निरोगी गल्ली' नावाची मोहीम सुरू झाली होती. विठ्ठल मंदिराचं कीर्तन मंडळ, प्रीतीच्या घरचे सगळे जातात तो बुद्ध विहार आणि रहिवासी समिती, असे तिघे या मोहिमेसाठी एकत्र आले होते. विहारात सकाळी व्यायाम, मंदिरात संध्याकाळी रक्तदाबाची तपासणी, आणि मुलांच्या पथकाने घरोघर जाऊन कूलर आणि टाक्या तपासायच्या. निधीची आई, सरलाकाकू, नर्स होत्या. त्यांनीच मुलांना सगळं शिकवलं होतं. तरीही मागच्या गल्लीत डेंग्यू शिरलाच. महूच्या छावणीतून निवृत्त झालेले बाबूराव आजोबा, ज्यांना साधी सर्दी झालेली कुणी पाहिली नव्हती, तेही दवाखान्यात पडले.

आणि काल सकाळी समितीचे अध्यक्ष उदयसिंह हातगाडी घेऊन बागेच्या भिंतीपाशी आले. तिथे कांताबाईंची, म्हणजे प्रीतीच्या आत्याची, छोटीशी नर्सरी होती. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. वर्षभर वाढवलेली तुळशीची रोपं तिने रांगेत मांडून ठेवली होती.

"यही है मच्छरों की माँ!" उदयसिंह भर रस्त्यात ओरडले. "सब उठाओ! एकादशीच्या कीर्तनानंतर ठराव पास करू. ये जगह खाली!"

आत्या नुसती बघत राहिली. तिच्या कुंड्यांखालच्या बशांत पाणी नव्हतंच. बशीत डास होऊ नयेत म्हणून ती वाळू भरून ठेवते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण बोललं कोण? कुणीच नाही! तुळशी समितीच्या खोलीत कोंडल्या गेल्या, दाराला कुलूप लागलं, आणि दोन बायका तर आत्याकडे पाहून नाकाला पदर लावून गेल्या.

तो पदर प्रीती विसरली नव्हती.

"त्याला सगळ्यांसमोर असंच वाटलं पाहिजे," ती दात आवळून म्हणाली. "असंच! मान वर करता येऊ नये!"

"पण आधी डास येतात कुठून, ते तर कळू दे," निधी म्हणाली. "आईने शिकवलेला सापळा लावू या का?"

सापळा अगदी सोपा होता. काळ्या भांड्यात थोडं पाणी घ्यायचं आणि त्यात पांढऱ्या फडक्याची पट्टी सोडायची. डेंग्यूची डासीण काळ्या भांड्यावर भाळते आणि पट्टीवर अंडी घालते. उगम जितका जवळ, तितकी पट्टी काळी. मंदिरात नारळांच्या करवंट्यांची काय कमी! ज्ञानदीपने पिशवीभर आणल्या, देवांशने त्या काळ्या रंगवल्या, आणि संध्याकाळच्या आत त्या गल्लीभर ठेवून झाल्या.

"डासांसाठी पंचतारांकित हॉटेल!" ज्ञानदीप देवांशच्या खांद्यावर भावासारखा हात टाकून म्हणाला. "फक्त चेक-आउट नाही, भिया!"

काही दिवसांनी पट्ट्या काढल्या, तेव्हा मात्र विनोद कुणालाच सुचला नाही. आत्याच्या नर्सरीजवळची पट्टी पांढरीशुभ्र होती. जसजसं मागच्या गल्लीकडे जावं, तसतसे पट्ट्यांवर काळे ठिपके वाढत गेले होते. आणि पत्र्याच्या उंच कुंपणामागे जो कुलूपबंद प्लॉट होता, त्याच्या कडेची पट्टी? तिच्यावर जणू कुणी खसखस पेरली होती!

"हा प्लॉट कुणाचा?" देवांशने विचारलं.

निधी हळू आवाजात म्हणाली, "उदयसिंहकाकांचा."

धावत जाऊन त्यांनी पट्ट्या सरलाकाकूंना दाखवल्या. काकू गंभीर झाल्या. तिथल्या तिथे त्यांनी उदयसिंहांना फोन लावला, आणि ते फोनवरच हसले. "अरे बहनजी, बच्चे लोग हैं! कहीं से अंडे उठाके चिपका दिए होंगे. मेरे प्लॉट में तो घास भी नहीं है!" कुलूप उघडायचं म्हटलं, तर किल्ली म्हणे विजय नगरच्या दुसऱ्या घरी राहिली होती. आज राहिली होती, उद्याही राहणार होती.

"खोटारडा!" प्रीतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

त्या संध्याकाळी ती निधीबरोबर कीर्तनाला गेली. विहार तिच्या घरचा, तसे श्रीहरीबुवाही तिला घरचेच वाटत. बुवांनी झांज हातात घेऊन पहिला सूर लावला, की मनातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुणी समई लावून गेल्यासारखं व्हायचं. पेटी त्यांच्या मागे धावायची, तबला हसायचा, आणि म्हाताऱ्यांच्या मानासुद्धा तालावर डुलायच्या.

त्या दिवशी बुवांनी एका मायावी दैत्याचं आख्यान लावलं होतं. दैत्य साधूच्या वेशात गावात शिरला, आणि गाव त्याच्याच पाया पडू लागलं! एका मुलीने त्याला ओळखलं. पण ती ओरडली असती, तर तिचं ऐकणार कोण?

"मग काय केलं हो त्या पोरीने?" बुवा उपरणं झटकून म्हणाले. "तिने तलवार नाही शोधली. त्याला भर सभेत आणलं आणि बोलतं केलं! दैत्य गप्प असतो, तोवर साधू दिसतो, माझ्या मायबापांनो!"

मंडपात हशा उसळला. प्रीती हसली नाही. ती बुवांकडे टक लावून बघत राहिली.

एकादशी उजाडली. संध्याकाळी शेवटचं कीर्तन, मध्यंतरात उदयसिंहांचा 'आरोग्यमित्र' म्हणून सत्कार, आणि त्यानंतर नर्सरी हटवण्याचा ठराव! दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं, आणि तुळशी अजून कुलपातच.

"आत्ता नाही, तर कधीच नाही," प्रीती म्हणाली. दुपारी गल्ली झोपली, तेव्हा ती आणि देवांश कुंपणालगतच्या कडुनिंबावरून पलीकडे उतरले. निधी आणि ज्ञानदीप बाहेर पहारा देत उभे राहिले.

आत भली मोठी ताडपत्री होती. देवांशने तिचं टोक उचललं, आणि दोघं आत डोकावले. टायर! जुने, फाटके, एकावर एक रचलेले टायर! प्रत्येकाच्या पोटात पावसाचं काळं पाणी, आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या!

तेवढ्यात बाहेरून ज्ञानदीपची शिट्टी आली. फाटक करकरलं! पळायला वेळच नव्हता. दोघं ताडपत्रीखाली, टायरांच्या मधल्या फटीत घुसले.

"ट्रक शाम को लाना," उदयसिंहांचा आवाज अगदी डोक्यावर आला. "सब लोग कीर्तन में रहेंगे. सारा माल हातोद वाले खेत में. और वो नर्सरी वाली हटी, के वहीं से इस प्लॉट के नये शोरूम तक सीधा रास्ता!"

प्रीतीच्या कानाशी एक डास गुणगुणला. मग दुसरा. मग बॅंडच वाजू लागला! गालावर, मानेवर, पायांवर डास बसत होते, आणि मारायची सोय नव्हती. देवांशने नाकाच्या शेंड्यावरच्या डासाकडे डोळे तिरळे करून पाहिलं, आणि एवढ्या भीतीतही प्रीतीला हसू फुटायचं बाकी राहिलं.

अखेर फाटक बंद झालं.

"पोलिसांना सांगू या!" बाहेर येताच देवांश खाजवत म्हणाला.

"काय सांगणार? कुंपण ओलांडून चोरासारखे शिरलो होतो, हे?" निधी म्हणाली. "आईला सांगू."

"काकू पुन्हा फोन करणार, आणि तो आत्ताच्या आत्ता सगळं हलवणार," प्रीती म्हणाली. "नाही! त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे. सगळी गल्ली ऐकत असताना. निधी, आज मध्यंतरात निरोप तुझा आहे ना?"

कीर्तन मंडळाची ही मोहिमेपुरती नवी प्रथा होती. पूर्वरंग संपला, की बुवांना हार घालण्याआधी एका मुलाने उभं राहून आरोग्याचा एक निरोप सांगायचा.

"माझाच आहे. तुला दिला!" निधी म्हणाली. "पण तू करणार काय?"

प्रीतीने ज्ञानदीपकडे वळून विचारलं, "घरात ती काळी पडलेली केळी अजून आहेत का रे?"

संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. पूर्वरंग संपला. उदयसिंहांच्या खांद्यावर शाल पडली, हातात श्रीफळ आलं. ते हात जोडून चारी दिशांना हसले. मागच्या खांबाशी आत्या एकटीच उभी होती. तिच्या शेजारची सतरंजी रिकामी होती.

प्रीती पुढे गेली. तिच्या हातात काचेची बरणी होती. बरणीच्या तोंडावर जाळीचं फडकं घट्ट बांधलेलं होतं, आणि आत काळे ठिपके भिरभिरत होते.

"बुवा, निरोप सांगू?"

"सांग, बाळ."

"उदयसिंहकाका, हे डास आपल्या गल्लीतले. तुम्ही म्हणालात ना, ते माझ्या आत्याच्या कुंड्यांतून येतात?"

"और क्या!" उदयसिंह माइकवर म्हणाले. "अपन ने पकड़ा ना!"

"मग भ्यायचं कशाला? कुंड्यांतले साधे डास. आरोग्यमित्रांच्या हस्ते यांना सोडू या." आणि प्रीती फडक्याची गाठ सोडू लागली.

उदयसिंह एक पाऊल मागे सरले. "ए, दूर रख!"

"का काका? शूर आहात ना तुम्ही?" ती आणखी पुढे गेली. गाठ सुटत आली. "हे घ्या. एक... दोन..."

"मत खोल, अरे मत खोल!" उदयसिंह खुर्चीमागे लपत किंचाळले. श्रीफळ हातातून सुटून गडगडत गेलं. "मेरे काम वाले दो लड़के पहले ही इन टायरों के चक्कर में अस्पताल में पड़े हैं!"

माइक चालूच होता. 'पड़े हैं' अख्ख्या सुदामा नगरात घुमलं!

सरलाकाकू हळूच उठल्या.

"कसले टायर, उदयसिंहजी?"

"वो... टायर... मतलब..."

"मी सांगते!" प्रीतीचा आवाज आता खणखणीत होता. "मागच्या प्लॉटमध्ये ताडपत्रीखाली आहेत. पाण्याने भरलेले! त्यांतल्या डासांनी बाबूराव आजोबांना पाडलं, यांच्या स्वतःच्या माणसांना पाडलं, आणि आळ घातला माझ्या आत्यावर! आत्ता या क्षणी तिथे ट्रक भरतोय. चला, बघायला चला!"

श्रीहरीबुवांनी झांज उचलली. "उत्तररंग आज प्लॉटवर, मायबाप! उठा!"

आणि सगळं कीर्तन उठून चालू लागलं! पुढे बुवा, मागे पेटी गळ्यात अडकवलेला पेटीवाला, त्यामागे विहारातली मंडळी, प्रसादाची टोपली घेतलेल्या आयाबाया, पोरंटोरं. नामाच्या गजरात अख्खी गल्ली फाटकाशी पोचली. फाटक सताड उघडं, आत दिव्यांच्या उजेडात अर्धा भरलेला ट्रक, आणि टायर हातात धरून थिजलेला ड्रायव्हर!

"भिया, मुझे तो हातोद बोला था," तो घाबरून म्हणाला.

लोकांनी टायरांत वाकून पाहिलं. मग सगळ्यांनी उदयसिंहांकडे पाहिलं. मान खाली घालणं कशाला म्हणतात, ते प्रीतीने त्या क्षणी डोळे भरून पाहून घेतलं. अगदी पोटभर!

"अगं पोरी, ती बरणी फेक ना लांब!" एक बाई ओरडली. "सुटले तर?"

प्रीतीने फडकं ओढूनच काढलं. काळे ठिपके भुर्रकन उडाले आणि थेट प्रसादाच्या केळ्यांच्या टोपलीवर जाऊन बसले.

"चिलटं आहेत, काकू!" ज्ञानदीप लोळायचा बाकी होता. "आमच्या घरची, सडक्या केळ्यांवर पोसलेली! यांना आरोग्यमित्र नकोत, फक्त फलाहार हवा!"

हशाचा असा लोट उठला, की बुवांनाही उपरण्याने डोळे पुसावे लागले.

उदयसिंह आत्यासमोर आले. "कांताबहन, माफ कर दो. गलती हो गई."

सगळे आत्याकडे बघू लागले. आता ती 'असू दे' म्हणणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ती तेच म्हणत आली होती.

आत्याने पदर खोचला. "माफीचं मग बघू. आधी बाह्या वर करा. हे पाणी तुमच्या हाताने ओता, एकेका टायरातलं. ट्रकवाल्याने हात लावायचा नाही. आणि सकाळी माझ्या तुळशी डोक्यावरून आणून जागेवर ठेवा. गाडीवरून नाही, डोक्यावरून!"

"वा, कांताबाई!" सरलाकाकूंनी टाळी वाजवली, आणि मग टाळ्या थांबेचनात. नाकाला पदर लावून गेलेल्या दोघी पुढे आल्या आणि त्यांनी आत्याचे हात धरले. ठराव तर झालाच, पण वेगळा. नर्सरी तिथेच राहणार, आणि 'निरोगी गल्ली'ची डासमोहीम यापुढे मुलांच्या पथकाने चालवायची. उदयसिंहांच्या दोन्ही माणसांच्या औषधपाण्याची जबाबदारी सरलाकाकूंनी समितीच्या गळ्यात घातली.

बुवांनी आपल्यासाठी आणलेला हार प्रीतीच्या गळ्यात घातला. "शाब्बास, पोरी! आजचं आख्यान तू केलंस. तुम्ही चौघांनी केलंत!" मग खाली वाकून हळूच विचारलं, "काय गं, गेला का मनातला राग?"

प्रीतीने प्रामाणिकपणे विचार केला. शाल खांद्यावरून घसरलेले उदयसिंह घामाघूम होऊन टायर उपडा करत होते. काळं पाणी त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर उडत होतं.

"बराचसा गेला, बुवा," ती म्हणाली. मग टाचा उंच करून तिने अंधाऱ्या कुंपणाकडे बोट दाखवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली,

"काका! तो कोपऱ्यातला राहिला!"