खुर्चीसमोरचा तुकडा

मानवाने अंधारावर मिळवलेल्या विजयाचा क्षण अखेर उजाडला. पट्टी सुटली, बाबांनी डोळा उघडला आणि म्हणाले, "भिंतीला हा रंग कुणाच्या सल्ल्याने दिला?"

मुलगी हसता हसता रडायला लागली.

"रडू नकोस. नाक लाल होतं. आधीच माझ्यावर गेलंय."

डोळ्यावरचा तो पारदर्शक पडदा, कृत्रिम कॉर्निया, तिनेच प्रयोगशाळेत घडवला होता. रुग्णाला नवा कोरा तुकडा द्यायचा, असा नियम. पण सख्ख्या बापाच्या डोळ्यात न पारखलेली वस्तू कोण बसवतं? तिने चाचणीच्या स्टँडवरचाच तुकडा निर्जंतुक करून गुपचूप पुढे केला. प्लास्टिकच्या डोळ्यावर बसून, थेंब थेंब पाणी झेलत, तो वर्षभर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून होता. पण एक ओरखडा असेल तर शपथ.

"त्या बाईंना चहा विचार," बाबा म्हणाले.

"कुठल्या?"

"खुर्चीतल्या. मघापासून माझ्याकडेच बघतायत."

इस्पितळाच्या त्या खोलीतली कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती.

"चकाकी असेल बाबा. सुरुवातीला होतं असं."

"चकाकी केस विंचरत नाही, बाळ."

तिने मोबाईल काढला. स्टँडवरच्या त्या डोळ्यामागे कॅमेरा होता. वर्षभराचं चित्रण होतं. ती भराभर पुढे सरकवत गेली. खुर्ची. खुर्ची. खुर्ची. कुणी नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला.

मग तिचं लक्ष चित्रणातल्या खुर्चीच्या गादीकडे गेलं. सकाळी फुगलेली. दुपारी दबलेली. संध्याकाळी पुन्हा हळूहळू वर येणारी. रोज. तुकडा स्टँडवरून काढला त्या दिवशी ती भर दुपारीच वर आली होती.

तिने मोबाईल पालथा ठेवला.

"उठल्या," बाबा म्हणाले.

खोलीत काहीच हललं नाही.

"कुठे गेल्या?"

बाबांनी नजर सरकवत तिच्यापर्यंत आणली. तिच्या डोक्याच्या जरा वर बघत राहिले.

"बाबा, हा काढून टाकू या. मी डॉक्टरांना बोलावते."

"खबरदार. पुन्हा आंधळा होऊ? इतक्या वर्षांनी तुझं तोंड बघतोय."

त्यांनी मान वाकडी केली. डावीकडे, मग उजवीकडे.

"फक्त त्यांना तेवढा हात बाजूला घ्यायला सांग. तुझं नाक दिसत नाहीये."