जाड तार

एप्रिल लागला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाची चटणी होते आणि माझ्यासारख्या वायरमनचं जेवण काही वेळेवर होत नाही. मिरची कांडायचे डंक दिवसभर चालतात, तारांवर ताण येतो आणि कुणाचं ना कुणाचं बंद पडतंच. माझं वय छप्पन्न, गुडघे कधीच गेलेत. तरी कळंब्याहून पूर्णिमाचा फोन आला तेव्हा नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

पूर्णिमा ही बाळासो डंकवाल्यांची सून. तीन वर्षांपूर्वी डंकाला आग लागून बाळासो गेले. आता तिनं शेड नव्यानं बांधली होती, नवी मोटर बसवली होती आणि उद्यापासून बायका मिरच्या घेऊन येणार होत्या. नवा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, मात्र टिकत नव्हता. खटका वर केला की थोड्या वेळानं आपोआप खाली.

दुपारचे तीन वाजले होते. बाळासोंची बायको चिमणाबाई शेडच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आग लागल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडलेला नाही, असं पूर्णिमानं सांगितलं. मी त्यांच्याकडं न बघताच आत गेलो.

मोटरच्या तारा सोडवल्या. खटका पडला. दिव्यांच्या तारा सोडवल्या, तरी पडला. मग मीटरशेजारचं किटकॅट उपसून काढलं. किटकॅट म्हणजे फ्यूजची चिनीमातीची मूठ, तिच्यात एक बारीक तार असते. भार वाढला की ती तार आधी जळते आणि बाकीचं वाचतं. मूठच काढली की पुढं वीज जातच नाही. कुणी चुकून परत बसवू नये म्हणून आम्ही वायरमन ती स्वतःच्या खिशात ठेवतो. मी शर्टाच्या खिशात टाकली. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. सगळं मेलेलं होतं.

खटका परत वर केला. पूर्णिमानं सहज विचारलं, "दादा, मामंजींच्या वेळंला नेमकं काय झालतं?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. पोलिसांना, भावकीला, सगळ्यांना तेच दिलेलं.

"फ्यूज सारखा उडायचा, म्हणून त्यांनीच जाड तार घातली," मी म्हणालो. "जाड तार जळत न्हाय. मग भिंतीतली वायर तापती."

खटका पडला.

वीज नसताना एमसीबी असा पडत नाही. आतली स्प्रिंग गेली असेल, असं म्हणून मी पिशवीतला कोरा एमसीबी बसवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो वरच राहिला. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून चिमणाबाईंचा आवाज आला. "ह्यांनी उभ्या जन्मात बटनाला सुदीक हात लावला न्हाय. दिवा मी लावायची. तार कशी घातली असंल?"

"घातली की, मावशी. मी बघितली."

खटका पडला.

मला मिरचीचा ठसका लागला. पूर्णिमाही पदर नाकाला लावून खोकली. नव्या शेडमध्ये अजून एकही मिरची आलेली नव्हती.

मी तिथंच खाली बसलो. मला फार थकल्यासारखं वाटलं. तीन वर्षं एकच वाक्य वाहून वाहून माणूस थकतो. त्या एप्रिलात बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. फ्यूज तिसऱ्यांदा उडाला आणि बाळासोंनी मला बोलावलं. मी तांब्याची जाड तार पिळून घातली, संध्याकाळी येऊन बदलतो म्हणालो आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मोटर अडकली, तार जळली नाही, पोती पेटली. मिरचीच्या धुरात बाळासो आतच राहिले. मयतीला खांदा द्यायला मी पुढं होतो. मला माझीच किळस आली.

उठलो. खटका वर केला.

"मावशी, तार मी घातलती. त्यांनी न्हाय."

मी खटक्याकडं बघत राहिलो. तो वरच होता.

चिमणाबाई उठल्या. काठी टेकत उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. भिंतीवर तळवा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऐकलंसा न्हवं?"

मग मला म्हणाल्या, "जा आता."

पूर्णिमानं तोंड फिरवलं होतं. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. सोडवलेल्या तारा जोडायचं मला भान नव्हतं.

फाटकापाशी आलो आणि मागं डंक सुरू झाला. मुसळं एका लयीत पडत होती, बाळासोंच्या वेळी पडायची तशीच. पूर्णिमानं तारा जोडल्या असतील, असं वाटलं. बरं झालं, उद्या बायका येतील.

गाडीची किल्ली काढायला शर्टाच्या खिशात हात घातला.

किल्लीआधी बोटांना किटकॅट लागलं.

ते तापलेलं होतं.