दर फेरीला एक ‘गेट’

इंग्रजीच्या क्लासमध्ये भिंतीवरच्या यादीत माझ्या नावाशेजारी त्याचं नाव होतं. येसेनिया आणि एलिसेओ. इंग्रजीच्या परीक्षेत बोलायचा भाग जोडीनेच द्यावा लागतो. आणि मला मिळाला कोण, तर घोड्यांना नाल ठोकणाऱ्याचा हा मुलगा… ‘बरं’ म्हणायलाही अर्धं मिनिट घेणारा.

“मेले मी,” मी मोठ्यानेच म्हणाले.

“मी… मागेच उभा आहे.”

वळले. शर्टाची बाही ठिणग्यांनी जळलेली, आणि डोळे हसणारे. माझा राग वाढला. तसा मला कशाचाही राग येतो. शाळाही एका भांडणात सोडलीय.

“हे बघ, पास झाले तरच तिकडे समुद्रकाठी, व्हायार्ता शहरातल्या हॉटेलात काउंटरवर घेणार आहेत मला. माझी वाट लावू नकोस.”

“तू ‘गेट’ हे क्रियापद का टाळतेस?” त्याने विचारलं. “बाकी क्रियापदं धडाधड फेकतेस. ते आलं की वाक्यच बदलतेस.”

खरं होतं. मिळणं तेच, होणं तेच, पोचणं तेच, समजणंही तेच… असल्या क्रियापदाचा भरवसा काय धरायचा? पण माझ्याकडे इतकं कान देऊन कोण ऐकत होतं, आणि कधीपासून?

“रविवारी चौकात ये,” तो म्हणाला. “दर फेरीला एक वाक्य.”

रविवारी संध्याकाळी चौकाच्या मधोमध बँड वाजतो त्या मंडपाभोवती पोरी एका दिशेने फिरतात, पोरं उलट्या. एखादी आवडली तर पोरगा फूल देतो. तिने घेतलं, तर तो वळून तिच्याबरोबर चालायला लागतो.

पहिल्या फेरीत मी ‘गेट’ लावून म्हणाले, “अंधार होतोय.”

“जमलं.”

दुसऱ्या फेरीत तो म्हणाला, “तू पटकन चिडतेस.” तेही ‘गेट’नेच. मी तोंड उघडेपर्यंत तो पुढे गेलेला. अख्खी फेरी उत्तर दाताखाली धरून चालले. तो पुन्हा समोर आला, तेव्हा राग निम्मा उतरला होता.

“तुला उशिरा समजतं,” मी म्हणाले. तो हसला… आणि पुढच्या फेरीला मी जरा भरभरच चालले.

परीक्षेत बाई म्हणाल्या, गावातलं काय आवडतं ते एकमेकांना सांगा. माझं सांगून झालं. त्याची पाळी. तो गप्प. घड्याळ पळतंय, माझी जीभ वळवळतेय. उरलेला सगळा वेळ मी एकटीने भरला असता. पण फेरीभर थांबायची सवय लागली होती. थांबले. मग हळूच विचारलं, “रविवारचं काय?”

“रविवारी… एक मुलगी दर फेरीला भेटायला मिळते,” तो इंग्रजीत म्हणाला. “मधल्या वेळात मी घाबराघुबरा होतो.”

दोन्हीकडे ‘गेट’, दोन्ही अचूक. बाईंचं पेन थांबलं. माझे कान तापले.

दोघंही पास झालो.

पुढच्या रविवारी तिसऱ्या फेरीला त्याने गार्डेनियाचं फूल पुढे केलं.

“आता जाशील तू,” तो म्हणाला.

“जाणारच. महिन्यातून एक रविवार सुट्टी आहे.”

“बसने सहा तास लागतात…”

“मग पहाटेची पकडेन. देतोयस का फूल, की वाळवणार आहेस?”

घेतलं. आता त्याने वळायचं. पण तो उभाच… विचार करत. मागच्या पोरी खोळंबल्या. मग मीच वळले. बाकांवरच्या मावशींची तोंडं बंद पडली, सगळ्या पोरी समोरून अंगावर यायला लागल्या.

“तू… उलटी चाललीयस,” तो म्हणाला.

“गप. चल.”