पान उलटणारी

श्रीरामपूरहून बेलापूरला जायला स्कूटीवर पंधरा मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. रेश्मा लोंढे त्या दुपारी निघाली ती एका साध्या कामाला. बेलापूरच्या चर्चमधल्या जुन्या पियानोचं पेडल करकरत होतं, त्याला तेल घालायचं आणि तासभर हात फिरवून परत यायचं. डिकीत मशीनच्या तेलाची बाटली होती. नोटेशनची फाईल तिने मुद्दाम घरी ठेवली होती. फाईल घरी ठेवून पियानोकडे जाणं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बाई हुशार, यात शंका नाही. पुण्याच्या फेऱ्या मारून पाश्चात्य संगीताच्या आठही परीक्षा दिलेली, इंग्रजी शाळेत वीस वर्षं पियानो शिकवलेली. समोर कागद ठेवा, कितीही अवघड असो, घडाघडा वाजवील. कागद काढून घेतला की बाईंचे हात गारठले. वाढदिवसाचं गाणंसुद्धा तिला लिहिलेलं लागायचं. शाळेतल्या बायका यावरून तिची यथेच्छ थट्टा करायच्या आणि तीही हसायची.

मागच्या वर्षी ते हसणं थांबलं. तिची आई रतनबाई वारली. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई, तिच्या हातचं न खाल्लेला माणूस गावात शोधावा लागला असता. याच चर्चमध्ये शेवटचं दर्शन घ्यायला लोक रांगेने पुढे येत होते आणि रेश्मा हट्टाने स्वतः वाजवत होती. चार पानं होती. ती संपली तेव्हा रांग अर्धीसुद्धा सरली नव्हती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं, एवढंही तिला सुचलं नाही. पट्ट्यांवर बोटं ठेवून ती नुसती बसून राहिली आणि उरलेली माणसं आईसमोरून गेली ती पाय घासल्याच्या आवाजात. तो आवाज वर्षभर तिच्या कानातून गेला नव्हता. येत्या रविवारी पहिला स्मृतिदिन होता. शेवटचा माणूस फूल ठेवून मागे वळेपर्यंत पियानो थांबू द्यायचा नाही, मनानेच वाजवत राहायचं, असं तिने ठरवलं होतं.

चर्चची किल्ली पुंजारामबाबांकडे असे. चाळीस वर्षं तिथल्या भजनांना पेटी वाजवलेला माणूस, पण लिहिलेला सूर त्यांनी कधी ओळखला नाही.

"कागद न्हाई आनला? बरं केलं," बाबा कुलूप काढत म्हणाले. "लई सोपं हाय, ताई. एक सूर धरायचा, आन् त्यो कुठं निघालाय ते बघत ऱ्हायचं. आपन त्येला न्यायचं न्हाई."

"आणि चुकलं तर?"

"लिव्हलंयच न्हाई, तर चुकंल कसं?" असं म्हणून बाबा बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

वीज गेलेली होती, पंखे थांबलेले. वरचे पत्रे उन्हाने मधूनच तडकत होते. आत जुन्या मेणाचा आणि बंद लाकडाचा वास कोंडला होता. रेश्माने पेडलला तेल घातलं, एक सूर धरला आणि वाट पाहिली. पहिला अर्धा तास फजितीचा गेला. मग केव्हातरी डावा हात आपसूक खाली सरकला, उजवा त्याच्या मागून चालू लागला आणि तिला स्वतःलाच ठाऊक नसलेली एक सुरावट उलगडू लागली. भर दुपारी एकटीच ती हसली. आनंदाने तिची मान हलली.

आणि पान उलटलं.

जाड, जुना कागद. बोटाला थुंकी लावून कोपरा सोडवावा आणि पान पलीकडे टाकावं, तसा आवाज. पियानोवरची कागद ठेवायची फळी रिकामी होती. रिकाम्या सभागृहात तो आवाज भिंतींवरून, पत्र्यावरून, बाकांखालून एकदमच आला आणि विरला. ती थांबली. सगळंच थांबलं.

खिडकीशी पुंजारामबाबा उभे होते. "ताई... कागद न्हाई म्हनालात की तुमी."

"नाहीच आहे, बाबा."

"मग पानं कशाची वाजत्यात?"

"वारा असेल," ती म्हणाली. बाबांनी मागे वळून लिंबाकडे पाहिलं. त्याचं पानही हलत नव्हतं.

घरी परतताना तिच्या ध्यानात आलं. लहानपणापासून प्रत्येक कार्यक्रमात तिची पानं आईच उलटायची. आईला नोटेशनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रेश्माने मान हलवली की आईने पान उलटायचं, एवढाच दोघींचा करार. तीस वर्षांत तो कधी चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम मान ताठ ठेवली. सुरावट बरीच पुढे गेली, आणि मग तो आवाज सुरू झाला. एक पान, लगेच दुसरं, परत मागे, पुन्हा पुढे. जागा हरवलेल्या माणसाने ती घाईघाईने शोधावी तशी चाळवाचाळव. रेश्माच्या मनात आलं. पानं असतील, तर त्यांवर काहीतरी लिहिलेलंही असणार. मग हे जे मला सुचतंय, ते सुचतंय की मी वाचतेय? आणि लिहिलंय कोणी? पण त्या शोधण्यातली केविलवाणी धडपड तिला सोसवेना. वाचता न येणारी आपली आई तिला दिसली. तिने मान हलवली. चाळवाचाळव थांबली आणि एकच पान शांतपणे उलटलं. रेश्मा वाजवता वाजवता हुंदके देऊन रडली.

त्यानंतर ती रोज आली आणि आपण होऊन मान हलवू लागली. हात कधी नव्हे इतके मोकळे झाले. शनिवारी तिने बाबांना सांगून टाकलं, "आई आहे, बाबा. मला भीती नाही वाटत."

बाबा किल्लीशी चाळा करत म्हणाले, "आसंल... पन ताई, रतनबाई तुमाला उपाशी वाजवू द्यायची न्हाई. पुरे म्हनून वराडायची. आज चार तास झालं. ह्येनं... एकदा तरी पुरे म्हनलं का?"

रेश्माने पियानोचं झाकण लावलं. तिला बाबांचा थोडा रागच आला.

रविवारी सकाळी चर्च भरून गेलं. बाकांवर दाटीवाटी, मागे भिंतीला टेकून माणसं. पाळक रविराज यांनी प्रार्थना केली, आईच्या फोटोकडे हात केला आणि लोक फुलं घेऊन उठले. रेश्माने एक सूर धरला. तो निघाला, ती मागोमाग गेली. पहिल्या वळणावर तिने प्रेमाने मान हलवली.

माणसांनी भरलेल्या सभागृहात आवाज घुमत नाही. कपडे, अंगं, केस सगळा घुमारा पिऊन टाकतात, आणि आवाज निघतो तिथूनच ऐकू येतो. आज पान उलटलं ते अगदी स्वच्छ, तिच्या उजव्या कानाशी.

पान उलटणारं माणूस डावीकडे उभं राहतं. हा पियानोचा साधा शिरस्ता आहे, आणि आई जन्मभर डावीकडेच उभी राहिली.

रेश्माने डावीकडे पाहिलं. तिथे खिडकीचं ऊन पडलं होतं. उजवीकडे पाहण्याची तिची छाती झाली नाही. आठवडाभर आपण कोणाला मान हलवून होकार देत होतो? तिने मान ताठ केली, दात आवळले. आता नाही. काही झालं तरी नाही.

पान उलटलं. या वेळी कोणी तिच्या मानेची वाट पाहिली नाही. तिची बोटं निमूट पुढच्या ओळीवर गेली.

रांग सरत आली. बायका डोळे पुसत होत्या. इतकं सुंदर वाजवणं गावाने कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या म्हाताऱ्याने फूल ठेवलं आणि तो मागे वळला. रविराज यांनी तिच्याकडे पाहून हळूच हात वर केला, आता पुरे म्हणून. रेश्माने हात उचलायचा प्रयत्न केला. मग पुन्हा एकदा केला.

उजवीकडे बोटाला थुंकी लावल्याचा ओलसर आवाज आला. अजून किती पानं उरली होती, ते तिला दिसत नव्हतं.