झुलालच्या आईचं जातं

“हेमे, चर्चचा ओटाच गायब झालाय!”

सायकल अंगणात आडवी टाकून भूषण ओरडला. हेमांगी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, आईबरोबर धुळ्याहून निंबखेड्याला, आजोळी आली होती आणि मामाचा हा मुलगा सकाळपासून थापाच मारत होता. तिनं हसण्यावारी नेलं. पण खाटेवरच्या आजोबांचा, आबांचा चेहरा पार उतरला, तेव्हा तिचंही हसू मावळलं.

त्या ओट्याची गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगेल. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात इथली काही तरुण पोरं इंग्रजांच्या फौजेतून गेली आणि तिकडे इराकात, बसऱ्याकडे मेली. ना प्रेत आलं, ना राख. त्यांच्या आठवणीसाठी हे चर्च उभं राहिलं, तेव्हा गेलेल्या प्रत्येक पोराच्या आईनं घरातला एक दगड दिला. कुणी पाटा दिला, कुणी उखळ. आबांच्या आजोबांचा धाकटा भाऊ झुलाल. त्याच्या आईनं जात्याचा वरचा दगड दिला. ते सगळे दाराशेजारच्या ओट्यात बसवले. तेव्हापासून आखाजीला, पितरांची घागर भरायच्या दिवशी, ही घरं चर्चवर येत, पितराचं नाव घेत आणि आपापल्या दगडावर कुंकवाचं बोट उमटवत. कुठल्याच पाळकसाहेबांनी कधी आडकाठी केली नाही.

आणि आखाजी उद्यावर आली होती!

“बोट कोठे लावू आते?” आबा एवढंच म्हणाले.  हेमांगी तडक उठली आणि भूषणला घेऊन निघाली.

चर्चपाशी पाळकसाहेबांची शलोमी आणि किराणा दुकानवाल्या प्रकाशचंदशेठचा मनन उभे होते. ओट्याच्या जागी चकचकीत फरशी!

“बाबा सभेला परगावी गेलेत, तेवढ्यात दुरुस्तीच्या ठेकेदारांनी उरकलं,” शलोमी रडवेली होऊन म्हणाली.

“तो ओटा होय? खिळखिळा झाला होता. नाल्यात टाकायला सांगितला,” ठेकेदार प्रेमराजभाऊ मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले. “दगडांसाठी कसली रडारड? फरशी बघा, आरसा आहे आरसा!”

चौघं नाल्याकडे धावली. ऊन नुसतं भाजून काढत होतं. विटा, चुना, फुटकी कौलं... सगळं उपसलं, पण ओट्यातला एकही दगड सापडेना.

“चोरले कुणीतरी!” भूषण म्हणाला.

“पाटा चोरून काय चटणी वाटणार?” मनन म्हणाला. कुणालाच हसू आलं नाही.

हेमांगी मात्र विचारात पडली होती. “मनन, ओटा तोडताना तुझ्या कुदळीखाली कुंकू लावलेला दगड आला असता, तर?”

“हात जोडले असते!”

“नाल्यात टाकला असतास?”

“छे! पाप लागेल!”

“मग कुठे ठेवला असतास?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात भंगलेली मूर्ती, जुनी तसबीर कुणी फेकून देत नाही. गावाच्या शिवेवरच्या निंबाखाली नेऊन ठेवतात!

निंबाखाली ताजा शेंदूर फासलेले नवे देव ओळीनं बसले होते. शेवटचा देव वाटोळा होता आणि त्याच्या मधल्या भोकात उदबत्ती खोचलेली होती.

“जातं!” भूषण किंचाळला.

“हात नका लावू रे!” चर्चच्या कामावरच्या मंजुळाबाई कळशी घेऊन आल्या. “देव शेतस त्या! ठेकेदारनी फेकाले सांगं, मी आठे आणी ठेवात.”

“उचलून पळू या का?” भूषण कुजबुजला.

“गप! यांनीच तर वाचवलेत ते,” हेमांगी म्हणाली. ती मंजुळाबाईंजवळ बसली आणि तिनं फौज, बसरा, झुलाल, उद्याचं कुंकू, सगळं सांगितलं.

मंजुळाबाईंनी जात्यावरून हात फिरवला. “मायनी जातं दिधं? मंग ती दळे कसावर?”

 इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, पण हा प्रश्न हेमांगीला कधी पडला नव्हता. मंजुळाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि स्वतःच जातं उचललं. मुलांनी हातगाडी आणून बाकीचे दगड चढवले आणि सगळे चर्चवर आले.

“अरे, फरशी फोडू देणार नाही मी!” ठेकेदार गरजले.

“नका फोडू,” हेमांगी शांतपणे म्हणाली. तिनं शेंदराचे दगड फरशीवर मांडायला लावले. “आता तुम्हीच यांना पायानं बाजूला सारा, भाऊ.”

ठेकेदारांनी शेंदूर पाहिला, भोवती जमलेली माणसं पाहिली आणि मुकाट्यानं चपला काढल्या. संध्याकाळी पाळकसाहेब परतले. त्यांनी त्याच ठेकेदारांकडून फरशी उखडून घेतली आणि दगड तेलानं पुसून, धुऊन पुन्हा ओट्यात बसवायला लावले.

आखाजीच्या सकाळी मामानं आबांना धरून आणलं. ओटा अजून ओला होता. 

“झुलाल,” आबा म्हणाले आणि त्यांनी जात्यावर कुंकवाचं बोट उमटवलं. पाळकसाहेबांनी मुलांच्या पाठीवर हात फिरवला. “मोठ्यांनी घालवलं ते तुम्ही परत आणलंत!”

आबा मात्र मागे सरले नाहीत. मंजुळाबाईंचा प्रश्न हेमांगीनं रात्री त्यांना सांगितला होता. त्यांनी कुंकवाचा करंडा तिच्यापुढे धरला. “हाई बोट तू लाव, पोरी. झुलालनी मायना नावनं.”

“आईचं नाव काय होतं, आबा?”

आबांनी मान हलवली. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हेमांगीनं कुंकवात बोट बुडवलं आणि “आई” म्हणत ते जात्यावर टेकवलं.